भेदरलेलं कुत्रं, ओली फरशी

प्राणी सांभाळणाऱ्या संस्थेतून किंवा रस्त्यावरून घरी आणलेलं कुत्रं महिन्याभरात बाहेर शू करायला शिकतं, रात्रभर कोरडं झोपतं, आणि तरीही घरातलं कुणी समोर येऊन वाकलं की त्याच्या पायाशीच शू सोडतं. सगळं शिकवूनही हे का करतं, असा प्रश्न घेऊन लोक जनावरांच्या डॉक्टरांकडे जातात. डॉक्टर याला ‘सबमिसिव्ह युरिनेशन’ म्हणतात, म्हणजे नमतं घेताना सुटलेली लघवी. ओळखीपाळखीतून यावर मिळणारे सल्ले साधारण दोन. एक, ‘लाड बंद करा, शिस्त लावा’. दुसरा, ‘बिचाऱ्याने फार मार खाल्लाय, काळ हेच औषध’. पहिल्याने कुत्रं आणखी बिघडतं, याबद्दल जाणकारांत आता वाद उरलेला नाही. दुसरा ऐकायला बरा वाटतो. पण ज्या गोष्टीने शू सुटते ती घरात रोज दहा वेळा घडत राहिली, तर कितीही काळ गेला तरी फरशी ओली ती ओलीच. माझं मत असं, की या प्रकारात कुत्र्याला शिकवण्यासारखं थोडंच असतं. शिकायचं असतं ते घरातल्या माणसांनी, आणि अडतं ते तिथेच.

नेमकं घडतं काय, ते आधी सावकाश बघू. बेल वाजते. घरचा माणूस हेल्मेट काखेत, बॅग खांद्यावर अशा थाटात आत येतो. ‘काय रे, काय केलंस दिवसभर?’ म्हणत कमरेतून वाकतो आणि डोक्यावर हात फिरवायला जातो. कुत्र्याचे कान मागे चिकटतात, मान खाली जाते, ओठांचे कोपरे मागे ओढले जाऊन तोंड हसल्यासारखं दिसतं. नजर बाजूला वळते आणि डोळ्याच्या कडेला पांढरं दिसू लागतं. शेपूट पायांत गेलेलं असतं, पण त्याचं टोक भराभर हलत असतं. मग मागचा भाग खाली बसतो, अंग एका कुशीवर कलतं, मागचा एक पाय उचलला जातो, पोट उघडं पडतं आणि शू सुटते. सगळं चार-पाच सेकंदांत उरकतं. माणसाच्या लक्षात येतो तो फक्त शेवटचा टप्पा. तो ओरडतो, ‘परत!’ त्यावर कुत्रं आणखी चपटं होतं आणि आणखी शू करतं.

सगळा घोळ या शेवटच्या भागात आहे. ‘माझ्याकडून तुला काही त्रास नाही, जाऊ दे’ असा निरोप कुत्रं देत असतं. समोर दुसरं कुत्रं असेल तर एवढ्यावर ते हुंगून निघून जातं. माणूस मात्र निरोप मिळाल्यावरच चिडतो. कुत्र्याकडे दुसरं उत्तर नसल्याने ते तेच उत्तर अधिक जोरात देतं. ते ही लघवी ठरवून करत नाही, त्यामुळे ठरवून थांबवूही शकत नाही.

हा निरोप येतो पिल्लूपणातून. जन्मल्यावर पहिले सुमारे तीन आठवडे पिल्लाला आपलं आपण शू-शी करता येत नाही. आई त्याला उताणं करून चाटते, तेव्हा ते होतं. स्विस प्राणिशास्त्रज्ञ रुडॉल्फ शेंकेल यांनी 1967 साली लांडगे आणि कुत्री नमतं कसं घेतात यावर एक लेख लिहिला, तो आजही या विषयाचा पाया मानला जातो. त्यांनी दोन तऱ्हा सांगितल्या. एका तऱ्हेत जनावर अंग आक्रसून, शेपूट हलवत जवळ येतं आणि दुसऱ्याचं तोंड चाटू बघतं. पिल्लू आईकडे अन्न मागतं तशी ही हालचाल. दुसऱ्या तऱ्हेत ते निपचित उताणं पडतं, पोट दाखवतं आणि कधी शू सोडतं. आई साफ करत असताना पिल्लू पडून राहतं तसं. लहान पिल्लांत हे सर्रास दिसतं आणि बहुतेकांत वर्षाच्या आत आपोआप थांबतं. वयात आलेल्या कुत्र्यात ते टिकलं असेल किंवा नव्याने सुरू झालं असेल, तर मात्र त्याच्या आयुष्यात माणसाची भीती कुठे आणि कशी शिरली ते शोधावं लागतं.

गंमत म्हणजे, माणसाने कुत्र्यावर हुकूमत गाजवावी या कल्पनेने या कुत्र्यांचं सगळ्यांत जास्त नुकसान केलं, आणि तिचं एक मूळही शेंकेल यांच्याच आधीच्या कामात सापडतं. 1947 साली त्यांनी बाझलच्या प्राणिसंग्रहालयातल्या बंदिस्त लांडग्यांची निरीक्षणं छापली. कोंडून ठेवलेल्या लांडग्यांतली चढाओढ म्हणजेच कळपाची रीत, असा अर्थ पुढे त्यातून काढला गेला. अमेरिकी अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या 1970 च्या ‘द वुल्फ’ या पुस्तकाने ‘अल्फा’, म्हणजे कळपावर हुकूमत गाजवणारा, लांडगा घरोघरी पोचवला. पुढे मेक यांनीच कॅनडाच्या उत्तरेकडच्या एल्झमिअर बेटावर मोकळ्या लांडग्यांच्या सहवासात कित्येक उन्हाळे काढले आणि 1999 मध्ये लिहिलं, की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई-बाप आणि त्यांची पोरं, त्यात गादीसाठी मारामारी वगैरे काही नसते. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. 1978 साली न्यूयॉर्क राज्यातल्या न्यू स्कीट मठाच्या साधूंनी कुत्र्यांवर एक पुस्तक काढलं. बेशिस्त कुत्र्याला उताणं पाडून दाबून धरावं, असं त्यात सांगितलं होतं. 2002 च्या आवृत्तीत त्यांनी ही शिकवण मागे घेतली, पण ती टीव्हीवरून आणि मग मोबाइलवरून जगभर फिरत राहिली. पुण्या-मुंबईत घरी येऊन शिकवणारे काही ट्रेनर आजही ‘तुम्ही बॉस आहात हे त्याला कळू द्या’ म्हणतात. अहो, ते कुत्रं हे केव्हाच मान्य करून ओलं झालंय. त्याला आणखी काय कळवायचं राहिलंय?

आता मारहाणीचा प्रश्न. घाबरट कुत्रं दत्तक घेतलं की ‘आधीच्यांनी याला मारलंय’ असं आपण धरूनच चालतो. कधी ते खरं असतं, मानेवर तारेचा व्रण किंवा वाकडं जुळलेलं हाड त्याची साक्ष देतं. पण अंगावर कुणी कधी हात न टाकलेलं कुत्रंही असंच वागू शकतं. जॉन स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेतल्या बार हार्बर इथे वर्षानुवर्षं पिल्लं वाढवून 1965 मध्ये जो ग्रंथ लिहिला, त्याचा गाभा असा, की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लाच्या मनात ‘आपली माणसं’ ही नोंद होते. या दिवसांत माणसाचा सौम्य हात लागला नाही, तर पुढे प्रत्येक हात परकाच वाटतो. आपल्या रस्त्यांवरच्या पिल्लांचे नेमके हेच आठवडे सगळ्यांत वाईट जातात. कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, रस्त्यावर जन्मलेल्या पिल्लांपैकी सात महिन्यांपर्यंत जेमतेम 19 टक्के जगली, आणि मेलेल्यांपैकी 63 टक्क्यांच्या मरणामागे माणसाचा हात होता. जी जगतात त्यांनी माणसाला टरकून राहणं हा शहाणपणाच म्हणायचा.

भद्रा यांच्याच गटाचं 2017 चं एक काम दत्तक घेणाऱ्याने आवर्जून माहीत करून घ्यावं असं आहे. अनोळखी माणसाच्या हातातलं खाणं घ्यायला रस्त्यावरची कुत्री कचरतात, थेट स्पर्श टाळतात. पण तोच माणूस वारंवार शांतपणे भेटत राहिला तर ती जवळ येतात, आणि नुसतं खायला घालण्यापेक्षा मायेने कुरवाळण्याने त्यांचा विश्वास अधिक बसतो. म्हणजे हात ही मुळात वाईट गोष्ट नाही; तो कुठून, किती वेगाने आणि कुणाच्या मर्जीने येतो, यावर सगळं ठरतं.

मार खाल्लेली आणि रस्त्यावर वाढलेली कुत्री सोडली, तर तिसरा प्रकार जातिवंत कुत्र्यांचा. पिल्लं विकण्यासाठी वर्षानुवर्षं पिंजऱ्यात ठेवलेल्या लॅब्राडोर, पग, शित्झू माद्या वय झालं की रस्त्यावर सोडल्या जातात आणि संस्थांच्या हाती लागतात. अशा माद्यांना कुणी मारलेलं असेलच असं नाही. त्यांनी घर नावाची जागाच पाहिलेली नसते. अमेरिकेतल्या फ्रँकलिन मॅकमिलन यांनी 2011 साली अशा व्यापारी पैदाशीतून सुटलेल्या कुत्र्यांची तुलना सर्वसाधारण पाळीव कुत्र्यांशी केली. सुटकेला वर्षं लोटल्यावरही त्यांच्यात भीती ठळकपणे जास्त होती. अशा अभ्यासांत वापरली जाणारी, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जेम्स सर्पेल यांनी घडवलेली प्रश्नावली मालकाला इतर गोष्टींबरोबर हेही विचारते: जवळ गेल्यावर, हात लावल्यावर, उचलल्यावर कुत्रं शू करतं का? या एकाच लक्षणावरचं स्वतंत्र संशोधन मात्र तुटपुंजं आहे. उपचारांचं आपलं ज्ञान बरंचसं भीतीवरच्या व्यापक अभ्यासांतून आणि दवाखान्यांतल्या अनुभवातून आलंय, हे लक्षात ठेवून पुढचं वाचावं.

खरोखर मार खाल्लेल्या कुत्र्याचं वेगळेपण असं, की त्याची भीती एखाद्या नेमक्या वस्तूला चिकटलेली असते. सप्टेंबर 1924 मध्ये लेनिनग्राडला पूर आला तेव्हा इव्हान पावलोव यांच्या प्रयोगशाळेतली कुत्री पिंजऱ्यांत अडकली. पाणी चढत असताना माणसांनी त्यांना पोहवत बाहेर काढलं. नंतर दिसलं, की काही कुत्री शिकवलेलं सगळं विसरून गेली होती. त्यातलं एक काही महिन्यांनी पूर्ववत झालं, आणि मग पावलोव यांच्या माणसांनी दाराखालून पाण्याचा ओघळ आत सोडला. तेवढ्या ओघळाने कुत्रं पुन्हा ढासळलं. आपल्याकडच्या घरांत हा ओघळ म्हणजे झाडू, फरशी पुसायच्या मॉपचा दांडा, मिटलेली छत्री, वॉचमनची काठी, कमरेचा पट्टा सोडतानाचा आवाज, किंवा विशिष्ट ठेवणीचा, मोठ्या आवाजाचा पुरुष. दत्तक कुटुंबाने कुत्र्याच्या भूतकाळाची गोष्ट रचत बसण्यापेक्षा या वस्तूंची यादी करावी. गोष्ट खरी की खोटी, हे कळून उपचारात काही बदलत नाही. यादीने बदलतं.

मारणाऱ्याला शिक्षा काय, असं कुणी विचारलं तर उत्तर सांगताना मान खाली जाते. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 मध्ये पहिल्या गुन्ह्याला 10 ते 50 रुपये दंड आहे. पन्नास रुपयांत आज जेमतेम दोन वडापाव येतात. जनावर ठार केलं किंवा जायबंदी केलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम 325 लागतं, त्यात पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण रोजच्या रोज बसणारी चप्पल त्या पन्नास रुपयांतच सुटते.

आता उपचाराकडे वळू. त्याची पहिली पायरी म्हणजे लघवीची तपासणी. मूत्रमार्गाचा संसर्ग, मुतखडा, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार यांत शू आवरत नाही. तरुण मादीत मूत्रवाहिनी जन्मतःच चुकीच्या जागी जोडलेली असू शकते. नसबंदी झालेल्या माद्यांत संप्रेरकं घटल्याने मूत्रमार्गाचा झडपेसारखा स्नायू सैल पडतो आणि झोपेत अंथरूण ओलं होतं. घरच्या घरी ओळखायची खूण सोपी आहे. झोपेतून उठल्यावर ओलं सापडलं, एकटं असताना घरभर सापडलं, पाणी पिणं वाढलं असेल, तर दवाखाना गाठावा. फक्त माणसासमोर, फक्त भेटीच्या क्षणी आणि वर सांगितलेल्या अंगविक्षेपांसह होत असेल, तर भीतीचं कारण बळावतं. उभ्या उभ्या, उड्या मारत, शेपूट वर ठेवून सांडते ती आनंदाची शू. तिला नमतं घेण्याशी काही देणंघेणं नाही, जरी भेट शांत ठेवण्याचा उपाय दोन्हीकडे चालतो. मुंबईत परळच्या बैलघोडा हॉस्पिटलसारख्या धर्मादाय ठिकाणीही कुत्र्याला दाखवता येतं. पावसाळ्यात आणखी एक काळजी घ्यावी. लेप्टोस्पायरोसिस कुत्र्याच्या लघवीतून माणसाला होऊ शकतो, म्हणून नव्याने आणलेल्या कुत्र्याचं त्यावरचं लसीकरण होईपर्यंत आणि नंतरही पुसताना हातमोजे घालावेत.

दुखणं नाही असं ठरलं, की मग खरं काम. त्यातला मोठा वाटा ‘न करण्याच्या’ गोष्टींचा आहे. नाक शूत घासू नये, वर्तमानपत्राची सुरळी दाखवू नये, पाणी तोडू नये. ओरडल्यावर कुत्रं ‘ओशाळलेलं’ दिसतं आणि ‘त्याला कळलंय’ असं वाटतं, पण अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 मध्ये 14 पाळीव कुत्र्यांवर केलेला प्रयोग या समजुतीच्या आड येतो. कुत्र्याने खरंच चूक केली होती की नाही, याच्याशी त्या ओशाळ्या चेहऱ्याचा संबंध लागला नाही. मालक रागावला की तो दिसला. अमेरिकेतल्या वर्तनतज्ज्ञ पशुवैद्यकांच्या संघटनेने 2007 मध्ये शिक्षेच्या धोक्यांवर निवेदन काढलं आणि 2021 मध्ये आणखी पुढे जाऊन बक्षिसावर आधारलेल्या पद्धतीच वापराव्यात असं सांगितलं. मला यात अधिक चिंतेचा वाटतो तो शिक्षेचा ‘गुण’. काही कुत्र्यांची शू माराने थांबतेही. 1967 मध्ये मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांना टाळता न येणारे विजेचे झटके दिले. पुढे सुटायची वाट मोकळी असूनही त्यातली बरीच कुत्री जागची हलली नाहीत. कोपऱ्यात थिजून पडलेलं कोरडं कुत्रं सुधारलंय असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा प्रयोग आठवावा.

करायच्या गोष्टींची सुरुवात दारापासून होते. आत यावं, कुत्र्याकडे थेट न बघता चपला काढाव्यात, बॅग ठेवावी, हातपाय धुवावेत. बोलायचंच तर हलक्या आवाजात, त्याच्याकडे नाही तर सहज हवेत. कुत्रं येऊन हुंगेल. तेव्हा उकडलेल्या चिकनचे, पनीरचे नाहीतर भाकरीचे बारीक तुकडे आपल्यापासून लांब, जमिनीवर भिरकवावेत. नाक खाली गेलं की चेहऱ्यांची समोरासमोर गाठ पडत नाही आणि अंग मोकळं राहतं. नंतर जमिनीवर तिरपं बसावं. हात द्यायचा तर खालून, हनुवटीला किंवा छातीला. डोक्यावरून कधीच नाही. दोन-तीन सेकंद खाजवून थांबावं आणि बघावं. कुत्र्याने हाताला नाक लावून आणखी मागितलं तर पुढे. जीभ ओठांवरून फिरवली, जांभई दिली, मान वळवली तर विषय तिथेच थांबवावा. तुरीद रुगास या नॉर्वेच्या प्रशिक्षिकेने अशा बारीक खुणांकडे लोकांचं लक्ष वेधलं. तिच्या सगळ्या मांडणीला शास्त्रीय पाठबळ मिळालेलं नाही, पण जांभई म्हणजे झोप असं समजणारा माणूस निदान त्यामुळे थबकतो.

‘दुर्लक्ष करा’ या प्रसिद्ध सल्ल्याचा इथेच विपर्यास होतो. दुर्लक्ष करायचं ते भेटीच्या गाजावाजाकडे. काही घरांत लोक आठवडेच्या आठवडे कुत्र्याशी बोलतच नाहीत, आणि माणसांची ओढ असलेलं जनावर आणखी कानकोंडं होतं. घाबरलेल्याला जवळ घेतलं तर भीतीचं बक्षीस मिळून ती वाढते, ही भीतीही निराधार. भीती ही भावना आहे, ती बक्षिसाने शिकली जात नाही. स्वतःहून कुशीत येणाऱ्या कुत्र्याला खुशाल घ्यावं.

पुढचा टप्पा म्हणजे ज्या हालचालीने शू सुटते तिचाच अर्थ बदलणं. समजा, वाकणं हे कारण आहे. दहा-बारा फुटांवर उभं राहून गुडघे जेमतेम वाकवायचे, कान मागे जाण्याआधी सरळ व्हायचं आणि तुकडा टाकायचा. आधी वाकणं, मग तुकडा; हा क्रम उलटला तर कुत्रं तुकड्यालाच घाबरू लागतं, कारण तुकडा दिसला की आता काहीतरी वाईट होणार हे त्याला कळतं. जमलं की थोडं जास्त वाकायचं, मग एक पाऊल जवळ. मध्येच शू झाली तर पायरी मोठी झाली, एवढाच त्याचा अर्थ, मागे यायचं. पट्टा अडकवताना वाकणं हा सगळ्यांत दुर्लक्षित प्रसंग. गळ्याऐवजी अंगाला बसणारा हार्नेस घ्यावा आणि तो बाजूला बसून चढवावा. नुसत्याच उभ्या राहिलेल्या कुत्र्यापेक्षा काहीतरी काम असलेलं कुत्रं बरं निभावतं, म्हणून तळव्याला नाक लावणं किंवा चेंडू आणणं शिकवतात. ‘बस’ही शिकवतात, पण समोर उभं राहून खड्या आवाजात ‘बस’ म्हटलं तर होणार काय, ते उघड आहे.

हे सगळं एकट्या माणसाच्या घरात एका महिन्यात बसतं. आपल्याकडे घरात सहा माणसं असतात. आजोबांना ऐकू कमी येतं म्हणून ते मोठ्याने बोलतात. त्यांना कोण शिकवणार? पोरं धावत येऊन गळ्यात पडतात. कामाला येणाऱ्या मावशींच्या हातात झाडू असतोच. शेजारी ‘आम्हाला कुत्र्यांची सवय आहे हो’ म्हणत थेट डोक्यावर हात ठेवतात. आजीच्या सोवळ्यात देवघराच्या उंबऱ्यावर झालेली शू बसत नाही, आणि तिचा त्रागा कुत्र्याला शब्दशः कळला नाही तरी सूर कळतो. सहांपैकी पाच जण नियम पाळतात आणि सहावा रोज संध्याकाळी सगळं धुऊन टाकतो. माझ्या पाहण्यात उपचार फसतात ते याच कारणाने, पद्धत चुकल्याने क्वचितच. ज्याला जमणार नाही त्याला नियम देण्यापेक्षा भेटच बदलावी. आजोबांनी खुर्चीत बसून राहावं, शेजारी डबी ठेवावी आणि कुत्रं खोलीत आलं की न बोलता एक तुकडा टाकावा. वाकायची गरज नाही, बोलायची गरज नाही. महिन्याभरात आजोबा कुत्र्याचे लाडके होतात आणि बाकीच्यांना ते फारसं आवडत नाही, तो भाग वेगळा.

पुसण्याचंही तंत्र आहे. शू झाली की घरातलं कुणीतरी मॉप घेऊन धावतं आणि दांडा हातात घेऊन, वाकून, पुटपुटत कुत्र्याच्या डोक्याशी पुसू लागतं. काठीने मार खाल्लेल्या कुत्र्यासाठी याहून वाईट देखावा नाही. आधी त्याला हसतमुखाने दुसऱ्या खोलीत न्यावं, मग पुसावं. फिनेलने माणसाला वास येईनासा होतो, कुत्र्याला येत राहतो; लघवीतले घटक तोडणारं, एन्झाइम असलेलं क्लीनर मिळतं ते वापरावं. जुन्या घरांतली शहाबादी फरशी शू पिते, तिच्यावर ते जरा वेळ राहू द्यावं लागतं. व्हिट्रिफाइड टाइल्सवर टाइल साफ होते आणि फटी राहून जातात. कुत्र्याचे डायपर मिळतात, पाहुण्यांच्या एखाद्या संध्याकाळी ठीक. रोज घातले तर त्वचा चिघळते.

औषधांबद्दल आपल्याकडे दोन टोकं दिसतात: ‘गोळ्या नकोच’ किंवा ‘काहीतरी गोळी द्या’. मूत्रमार्गाच्या सैल स्नायूसाठीची औषधं भीतीवर चालत नाहीत. भीतीसाठी फ्लुऑक्सेटीन, क्लोमिप्रामीन ही औषधं कुत्र्यांत वापरली जातात. त्यांचा गुण दिसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि ती पशुवैद्यकाने वजन-तपासण्या पाहूनच द्यायची असतात. दिवसभर थरथरणारं, खाणं सोडलेलं, कोपऱ्यातून न हलणारं कुत्रं तुकडे टाकून शिकण्याच्या अवस्थेतच नसतं. अशा वेळी औषध शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवणं हा मला क्रूरपणा वाटतो.

किती सुधारणा होते? अमेरिकेतल्या एएसपीसीए या संस्थेने केवळ आत्यंतिक भित्र्या कुत्र्यांसाठी एक केंद्र चालवलं, 2018 पासून ते उत्तर कॅरोलायनातल्या वीव्हरव्हिल इथे आहे. तिथे उपचार घेतलेल्या 400 हून अधिक कुत्र्यांपैकी सुमारे 86 टक्के घरी देण्याजोगी झाली, असा अहवाल 2022 मध्ये आला. ही कुत्री छळ, कोंडवाडे आणि घरात ढीगभर जनावरं कोंबून ठेवणारे मालक यांच्या तावडीतून सोडवलेली होती, म्हणजे आपल्या दिवाणखान्यातल्या बहुतेक कुत्र्यांहून वाईट अवस्थेतली. पण तिथे पगारी, प्रशिक्षित माणसं होती आणि डोक्यावर हात ठेवणारे शेजारी नव्हते. संस्थांमध्ये तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ठोकताळा सांगतात: धक्का ओसरायला, रीत कळायला आणि घर आपलं वाटायला. नव्या पालकाला धीर द्यायला तो बरा, पण भेदरलेल्या कुत्र्याने तो वाचलेला नसतो.

प्रगती मोजायची तर ओल्या फरशा मोजू नयेत, त्या कमी-जास्त होतात. अंगाकडे बघावं. कुत्रं बेल वाजल्यावर स्वतः दाराकडे आलं, भेटीनंतर अंग झाडून मोकळं झालं, उघड्यावर पाय पसरून कुशीवर झोपलं, झाडू दिसल्यावर उठून गेलं पण चपटं झालं नाही, हे सगळं शू थांबण्याच्या आधी दिसू लागतं. दिवाळीच्या फटाक्यांत, घर बदलताना, गावी जाताना बोर्डिंगला ठेवल्यावर गाडी मागे येते. ती परत पुढे जाते, बहुतेकदा पहिल्या खेपेपेक्षा लवकर, फक्त पायऱ्या पुन्हा पहिल्यापासून चढाव्या लागतात.

काही कुत्री मात्र पूर्ण सुटत नाहीत. घरच्यांसमोर वर्षभर कोरडी राहिलेली मादी खड्या आवाजाचे मामा दारात उभे राहिले की तिथेच बसते. मामांचा आवाज बदलायचा नाही आणि तिचा स्वभावही. अशा घरात मामांची भेट खाली पार्किंगमध्ये ठेवावी, तिला आधी फिरवून आणून. मामांनी तिच्याकडे न बघता बिल्डिंगला एक फेरी मारायची, ती मागून हुंगत येते, आणि वर सगळे एकत्र जातात. लिफ्टने मात्र नको, तिथे सगळ्यांनाच एकमेकांवर वाकून उभं राहावं लागतं.